डबडूचा श्वास

१

सकाळी हॉल उघडला की पहिलं काम शीटं धुण्याचं. गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानाच्या डोक्यावर तो लांबोडका हॉल होता. खालून दिवसभर कापड टरकावल्याचा आवाज यायचा, आणि वर सात-आठ माणसं मान खाली घालून चित्रं करत बसलेली असायची. ब्याऐंशीचा उन्हाळा होता. ‘डबडू एकटा’ नावाचा एक आख्खा चित्रपट तिथे हातानं काढला जात होता.

काम असं चालायचं. गोपाळराव आणि त्यांचे दोन चित्रकार कागदावर पेन्सिलीनं चित्रं काढायचे. बायका त्या रेषा पारदर्शक शीटवर उतरवून मागच्या बाजूनं रंग भरायच्या. मग बाबनराव एकेक शीट कॅमेऱ्याखाली ठेवून फोटो घ्यायचे. फोटो झाला की शीट धुवायचं, पुसायचं आणि पुढच्या चित्राला घ्यायचं. नवी शीटं मुंबईहून यायची, आणि नागपूरच्या उन्हात येता येताच पापडासारखी वाकायची.

धुण्याच्या टाक्याजवळ शामला उभी असायची. वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर, अंगानं बारकी, हात मात्र अतिशय स्थिर. हॉलमधल्या बहुतेक बायका विणकरांच्या घरच्या होत्या. हातमाग बंद पडले तेव्हा गोपाळरावांनी त्यांना गोळा केलं होतं. हजारो धाग्यांतून एक तुटका धागा नेमका शोधणाऱ्या बाईला रेषेच्या आत रंग भरायला काय शिकवायचं, असं ते म्हणत. शामला रोज टाक्यावर हात बुडवताना मनातल्या मनात त्यांचे उपकार मानायची. तिची ती सवयच होती. देवासमोर उभं राहून काही मागायचं तिला कधी सुचलं नाही.

दर शनिवारी मुंबईच्या लॅबमधून धुतलेली फिल्म परत यायची. खिडक्यांना सतरंज्या लावून ती भिंतीवर दाखवली जायची. त्या शनिवारी डबडू पहिल्यांदा पूर्ण रंगात दिसला. पत्र्याचा बुटका यंत्रमाणूस, तांबड्या उजाड ग्रहावर मागे राहून गेलेला. तो उभा राहून आकाशाकडे पाहतो आणि आपल्या माणसांची वाट पाहतो, इतकाच तो प्रसंग होता.

सगळे खूष झाले. वच्छला, वयानं सगळ्यांत लहान आणि तोंडानं सगळ्यांत मोठी, ती एकदम म्हणाली, “पाहा वं, हा तं दम घेऊन राहिला.”

बायका हसल्या. पण पाहिलं तर खरंच. डबडूची पत्र्याची छाती किंचित वर येत होती आणि खाली जात होती.

“यंत्र आहे ते,” गोपाळराव म्हणाले. “कोणी काढलं हे?”

कोणीच काढलेलं नव्हतं.

२

डबडूचा जन्म या हॉलमधला नव्हता. पाच-सहा वर्षांपूर्वी गोपाळरावांनी ‘तांबडी धूळ’ नावाचा एक चित्रपट खऱ्या माणसांना घेऊन केला होता. मंगळावर गेलेल्या नागपुरी माणसांची गोष्ट. लाल मुरमाच्या खाणीत मंगळ उभा केला होता. त्यात एक यंत्रमाणूस हवा होता. पत्र्याचा सांगाडा तयार झाला, पण इतका लहान की त्यात माणूस मावेना. तेव्हा कोणीतरी लहानूचं नाव सुचवलं.

लहानू म्हणजे शामलाचा नवरा. उंचीनं जेमतेम मागाच्या चौकटीएवढा, जन्माचा विणकर, आणि तेवढाच जन्माचा दमेकरी. त्या पत्र्यात तो असा बसला की जणू माप त्याचंच घेतलं होतं. चालायचा मात्र पाय जरा ओढत, कारण आत दम पुरत नसे. लोकांना तीच चाल आवडली. मुलं चित्रपटाचा नायक विसरली आणि गल्लीगल्लीत पाय ओढत डबडू बनून फिरू लागली.

आवाजाचं काम करणारा माणूस मुंबईहून आला होता. त्यानं कानाला लावलेला हेडफोन काढून टेबलावर आपटला. “मशीन कभी साँस लेता है क्या? ये पूरा निकालना पडेगा.” आणि त्यानं लहानूचा श्वास फितीवरून एकूण एक कापून टाकला. त्याच्या जागी पंख्याची घरघर भरली.

लहानू घरी येऊन हसत सांगायचा. “माह्या दमाची फीत कोठी टाकली त्यानं, काय माहीत. कचऱ्यात असन पडून. कोणाले सापडली तं वापरन बिचारा.”

दोन वर्षांनी, पावसाळ्याच्या शेवटी, लहानू गेला. मागावर अर्धं कापड तसंच होतं. शेजारच्या जनाबाईनं आणि शामलानं मिळून ते विणून उतरवलं. उतरवताना जनाबाईनं कात्री शामलाच्या हातून काढून घेतली. “पार कापाचं नाई वं. दशा ठेवाच्या. सरलं असं म्हणत नाई आपण. पुढचा ताणा त्यालेच जोडते.” पुढचा ताणा, म्हणजे नवे उभे धागे, काही कोणी लावणार नव्हतं; माग विकायचा होता. तरी कापडाच्या टोकाला सुताच्या लांब दशा ठेवल्या. दोन पन्ने जोडून शामलानं त्याची मोठी चादर शिवली.

गोपाळरावांना डबडूचा दुसरा चित्रपट करायचा होता. पण त्या पत्र्यात दुसरं कोणी मावेना, आणि एक मुलगा मावला तर त्याला ती चाल येईना. शेवटी ते म्हणाले, “मग काढूच आपण त्याला.” असा तो चित्रांचा चित्रपट सुरू झाला, आणि तेच बोलवायला आले म्हणून शामला त्यात आली. पत्र्याचा सांगाडा नमुना म्हणून हॉलच्या कोपऱ्यात उभा केला होता. धूळ बसू नये म्हणून तिनं त्यावर ती चादर घातली होती.

३

बाबनराव हिशेबी डोक्याचे गृहस्थ. त्यांनी सांगितलं, “हे कूलरचं काम आहे. ओल्या हवेनं शीट फुगते, सुकली की आकसते. म्हणून छाती हलल्यावानी दिसते.”

ते पटण्यासारखं होतं. मग मे महिन्यात, जेव्हा रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, तेव्हा हॉलमधला कूलर बंद केला गेला. बायका घाम रंगात पडू नये म्हणून कपाळाला फडकी बांधून बसल्या. शामलाबरोबर तिथेच कामाला आलेली जनाबाई म्हणाली, “त्या डबड्याचा दम घालवता घालवता आमचा जाईन.” पुढच्या शनिवारी फिल्म आली. डबडू श्वास घेतच होता.

मग बाबनराव म्हणाले, शीटं धुतलेली आहेत, जुन्या रेषेचा डाग राहत असेल. हेही पटण्यासारखं होतं. शामलानं स्वतः कोरी शीटं उघडली. गोपाळरावांनी एकेका शीटवर कंपास लावून छातीचं माप घेतलं. सगळीकडे माप तेच. शीटवर काही नव्हतं. भिंतीवर पडलं की ते हलायचं.

मुंबईचा वितरक अर्धं काम पाहून गेला. “दमा झालेला रोबोट कोण पाहणार, राव?” म्हणाला. त्या दिवसापासून गोपाळराव नीट जेवेनासे झाले. हा चित्रपट पडला तर हॉल बंद होणार होता, हे सगळ्यांना न सांगता कळत होतं.

शामला भिंतीपासून सगळ्यांत दूर बसायची. एका शनिवारी तिला जागा पुढे मिळाली. डबडू तांबड्या जमिनीवर बसला होता. छाती हळूहळू वर आली, लांब. मग मध्येच एके ठिकाणी अडली, फणीत सूत अडकावं तशी. आणि मग दोनदा, लहान लहान, खाली गेली.

तिनं ते नुसतं पाहिलं नाही, ओळखलं. लांब आत, मध्ये अडकण, मग दोन तुटके बाहेर. वीस-बावीस वर्षं ती त्या श्वासाच्या शेजारी झोपली होती. पहाटे अडकण लांबली की उठून ती पाणी गरम करायची.

तिच्या मानेवर काटा आला. शेजारी वच्छला काहीतरी थट्टा करत होती, ते तिला ऐकू आलं नाही. शीटं फुगतात, शीटं आकसतात, असं ती स्वतःला सांगत राहिली. पण कोणतं शीट नेमकं तिथेच अडेल?

घरी जाताना तिच्या लक्षात आलं की भीती तर वाटते आहे, पण पावलं हलकी पडत आहेत.

४

नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी शहर मरून पडतं. दुकानांची दारं अर्धी ओढलेली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. हॉलमधली माणसं जेवून खालच्या दुकानात थंड फरशीवर आडवी व्हायची. त्या दुपारी एक शीट वाळत होतं, ते वाकू नये म्हणून शामला वरच थांबली.

वीज गेली. पंखे फिरत फिरत थांबले. खिडक्या उन्हासाठी बंद होत्या. हवेची झुळूकही नव्हती. टांगलेली शीटं एकही हलत नव्हती.

कोपऱ्यातली चादर हलत होती.

सगळी नव्हे. छातीच्या उंचीवर तेवढीच. कापड आत जायचं, पत्र्याला चिकटायचं, तिथे अडायचं, आणि मग दोनदा सुटायचं. खाली दशा किंचित थरथरायच्या. पत्र्याच्या आतून बारीक आवाज येत होता. उन्हानं तापलेला पत्रा वाजतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं तो आवाज तसाच ऐकायचा प्रयत्न केला.

चादर उचलायला चार पावलं टाकली असती तर पुरलं असतं. तिच्यानं झालं नाही. उचलली आणि आत रिकामा पत्रा निघाला तर काय, ही एक भीती होती. रिकामा निघाला नाही तर काय, ही दुसरी. दोन्हींत मोठी कोणती, ते तिला ठरवता येईना.

ती जागच्या जागी खाली बसली. पदरानं तोंड पुसलं आणि सहज बोलल्यासारखी बोलली, “उन्हाचं कायले आले जी तुम्ही.”

आवाज थांबला. चादर आत ओढलेली तशीच राहिली. अडकण लांबली, फार लांबली. शामला अर्धवट उठली, पाणी गरम करायला उठावं तशी. तेव्हा कुठे कापड सुटलं, एकदा आणि पुन्हा एकदा.

वीज आली. पंखे सुरू झाले आणि हॉलमधलं सगळंच हलू लागलं.

५

चित्रपटाचा शेवट असा होता की वाट पाहून पाहून डबडूची शक्ती संपते आणि तो बंद पडतो. गोपाळरावांनी शेवटचं काम वाटताना सांगितलं, “या प्रसंगाला एकच शीट. एकच चित्र, कॅमेऱ्याखाली तसंच धरून ठेवायचं. दुसरं चित्रच नाही म्हटल्यावर हलणार कशानं? इथे तरी हा थांबेल.” मग शामलाकडे वळून म्हणाले, “शामलाबाई, तुमचा हात सर्वांत स्थिर. हे तुम्ही रंगवा.”

तिनं मान हलवली. गोपाळरावांचे डोळे खोल गेले होते. त्यांना नाही म्हणणं तिला शक्य नव्हतं.

पण शीट पुढ्यात घेऊन ती बसली तेव्हा ब्रश उचलेना. ज्या पहाटे लहानूची अडकण सुटलीच नाही, त्या पहाटे ती उशाशी होती. ते देवानं केलं, असं म्हणता येत होतं. आता हे तिच्या हातानं होणार होतं. या चित्रात छाती पूर्ण भरली की तो दुसऱ्यांदा थांबणार, आणि या वेळी थांबवणारी ती.

जनाबाई शेजारीच रंग कालवत होती. तिनं बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, “काहून बसून राहिली वं अशी?”

“हे भरलं की सरलं ना, आत्या.”

जनाबाईनं शीटकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या चादरीकडे. तिला काय कळलं, किती कळलं, ते शामलाला शेवटपर्यंत समजलं नाही. दर शनिवारी तीही ती छाती पाहत होती, आणि एका भिंतीच्या आड तिनंही तो दमा वर्षानुवर्षं ऐकला होता.

“मंग पार नको भरू,” जनाबाई म्हणाली. “दशी ठेव.”

शामलानं डबडू रंगवला. डोकं, हात, पाय. छातीही रंगवली. फक्त डाव्या बाजूला, रुपयाएवढी एक जागा तिनं कोरी सोडली. तिथून मागचं तांबडं आकाश दिसत होतं.

बाबनरावांनी शीट कॅमेऱ्याखाली ठेवलं. “हे भोक कशाचं गा?” त्यांनी गोपाळरावांना विचारलं.

गोपाळराव वाकून पाहत राहिले. शामला ब्रश धूत होती, मान खाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं असावं. “असू द्या,” ते म्हणाले. “घ्या फोटो.”

एवढ्या एका शब्दासाठी ती त्यांची जन्मभर ऋणी राहिली.

६

चित्रपट नागपुरात दिवाळीच्या आधी लागला आणि दिवाळीच्या आधीच उतरला. मोठी माणसं हसली. एका पेपरात छापून आलं की यंत्राला धाप लागलेली दाखवणं हे अज्ञान आहे, आणि शेवटी नायकाच्या छातीला भोक ठेवणं हा निष्काळजीपणा. जरीपटका भागातल्या थिएटरवाल्यानं रीळं न उघडताच परत पाठवली.

एक गोष्ट मात्र पेपरात आली नाही. ती थिएटरच्या दारावरच्या माणसानं बाबनरावांना सांगितली. मुलांचे खेळ फार शांत जातात, म्हणाला. पोरं चिवडा खात नाहीत की रडत नाहीत. शेवटच्या चित्राला तर सगळं थिएटर एकाच लयीत श्वास घेतं. “मले बाहेर उभं राहून ऐकू येते, भाऊ. मी तं आत जाणंच सोडलं.”

हॉल बंद झाला. शीटं कोणीतरी बांगड्यांच्या डब्यांसाठी नेली. पत्र्याचा सांगाडा गोपाळरावांनी आपल्या अंगणात नेऊन ठेवला, आणि चादर घडी करून शामलाला परत दिली. देताना म्हणाले, “मी तुमचं नुकसान तर नाही केलं ना, बाई?”

“तुम्ही मले काय देलं, ते तुमाले माहीत नाई,” ती म्हणाली.

७

संत्र्याच्या हंगामात काटोलच्या फळबाजाराजवळ एक फिरता तंबू लागायचा. त्या तंबूवाल्यानं पडेल चित्रपट म्हणून टाकलेली रीळं मागून नेली. गोपाळरावांना पहिल्या खेळाला जायचं होतं, पण एकट्यानं जायचा धीर नव्हता. शामला आणि जनाबाई त्यांच्यासोबत एस.टी.नं गेल्या.

तंबूवाला हात चोळत सामोरा आला. पडदा वाऱ्यानं उभा फाटला होता. बाजाराला आलेले शेतकरी पोराबाळांसह येऊन बसले होते, आणि तो दोन धोतरं एकाला एक बांधून पाहत होता. शामलानं पिशवीतून चादर काढली. थंडीचं पांघरायला आणली होती. दोन पन्ने जोडलेलं पांढरं कापड, खाली दशा.

“हे लावा,” ती म्हणाली.

तंबूत पडद्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं बसतात. पुढे पैसेवाले आपल्या पोरांसह, मागे बाकीच्या बायका आणि पोरं. मागच्यांना चित्र उलटं दिसतं, पण दिसतं. संध्याकाळ पडली तसा खेळ सुरू झाला. शामला पुढच्या बाजूला, कापडापासून हातभर अंतरावर बसली. डबडू चालला, पाय ओढत. बसला. आकाशाकडे पाहिलं. पोरं गप्प झाली.

शेवटचं चित्र आलं. एकच चित्र, न हलणारं. छातीवर ती रुपयाएवढी तांबडी जागा. आणि त्याच जागी कापड फुगलं.

“ए, मागून फुंकू नका बे,” पुढून एकजण ओरडला.

“अठी कोणी फुंकून नाई राहिलं,” मागून बाईचा आवाज आला. “तुमचेच पोट्टे वढून राहिले.”

कापड लांब आत गेलं, अडलं. तंबूतल्या सगळ्या पोरांचा श्वासही तिथेच अडला. ते शामलाला दोन्ही बाजूंनी ऐकू आलं. दोन लहान उसासे, आणि सगळा तंबू सुटला. पुन्हा लांब आत.

रीळ संपलं. यंत्र बंद झालं, दिवे लागले. माणसं उठून मुकाट्यानं बाहेर पडली, लेकरांना कडेवर घेऊन, मागे वळून न पाहता. गोपाळराव बाकावर बसून रडत होते, आणि जनाबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

वारा पडला होता. मागची बाजू रिकामी झालेली शामलानं वाकून, कापडाच्या कडेनं, स्वतः पाहिली. नुसती तुडवलेली माती होती आणि संत्र्यांच्या साली.

ती पडद्यासमोर आली. बुटक्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर कापड अजून हलत होतं. तिनं तळवा पुढे केला आणि तिथे टेकवला. कापड उबदार होतं, किंचित ओलं, तोंडासमोर धरलेल्या फडक्यासारखं. आणि पलीकडून, तेवढ्याच जागेत, तिच्या तळव्यावर कोणीतरी तेवढाच दाब दिला.

हात तिनं काढला नाही.

“लय केलं जी तुम्ही,” ती म्हणाली. “लय झालं.”

तंबूवाला दोऱ्या सोडायला आला. त्यानं तीन सोडल्या. चौथीला हात घातला तेव्हा तिनं त्याला थांबवलं.

“हे एक राहू द्या, भाऊ. सकाळी नेईन मी.”

तो खांदे उडवून गेला. चादर एका कोपऱ्यावर लोंबत राहिली, दशा मातीला टेकलेल्या. शामला तिच्याजवळ खाली बसली आणि लक्ष देऊन ऐकू लागली. लांब आत. मग ती अडकण. पूर्वी ऐकायची तशीच ती या वेळीही ऐकत होती, पाणी गरम करायच्या तयारीनं, पुढच्या दोन उसाशांची वाट पाहत.